पावसाळा वगळून मोजलेलं जंगल

आरे वसाहतीतल्या झाडांचा वाद मी लंडनमध्ये बसून वाचला. २०१९ च्या ४ ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, त्याच रात्री करवती सुरू झाल्या. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती देईपर्यंत मेट्रो कारशेडच्या जागेवरची दोन हजारांहून जास्त झाडं आडवी झाली होती. पुढे कित्येक दिवस आकड्यांवरून हमरीतुमरी चालली. किती तोडली, बदल्यात किती लावणार, लावलेल्यांतली किती जगणार.

त्याच दिवसांत इथे स्ट्रँडवरच्या एका इमारतीत निसर्गाचे आवाज ध्वनिमुद्रित करणारे अमेरिकी संगीतकार बर्नी क्राउस यांचं ‘द ग्रेट ॲनिमल ऑर्केस्ट्रा’ हे ध्वनिप्रदर्शन सुरू होतं. काळोख्या दालनात बसायचं आणि ऐकायचं. भिंतीवर आवाजाचा आलेख सरकत राहतो, डावीकडून उजवीकडे काळ, खालून वर आवाजाची उंची. अगदी खाली खर्जात हत्तींची गुरगुर, तिच्या वर बेडकांचा जाड पट्टा, मध्ये पक्ष्यांच्या तुटक ठिणग्या, आणि सगळ्यांच्या वर तार सप्तकात कीटकांची न थांबणारी झालर. क्राउस यांचं म्हणणं असं की नांदत्या जंगलात प्रत्येक जीव आपला आवाज ऐकू जावा म्हणून आपापली पट्टी धरतो, आणि जंगल मोडलं की या आलेखात भोकं पडू लागतात. सगळ्या शास्त्रज्ञांना हा सिद्धान्त मान्य नाही. पण ते भोक एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं, की झाडांची निव्वळ संख्या किती थोडं सांगते ते कळतं. आरेच्या सगळ्या वादात तोडीच्या आदल्या रात्री तिथे काय ऐकू येत होतं, हा प्रश्न निदान माझ्या वाचनात एकदाही आला नाही.

तो प्रश्न विचारायला हवा होता, असं मला आजही ठामपणे वाटतं. त्यासाठी क्राउस यांचंच एक काम जरा सविस्तर सांगते.

कॅलिफोर्नियातल्या सिएरा नेवाडा डोंगरांत लिंकन मेडो नावाचं कुरण आहे. भोवतीच्या जंगलात एका लाकूड कंपनीला निवडक तोड करायची होती. सगळं जंगल साफ करायचं नाही, मधलीच काही झाडं काढायची, त्यामुळे निसर्गाला धक्का लागणार नाही, असं स्थानिकांना सांगण्यात आलं होतं. तोड होण्याआधी, १९८८ मध्ये, क्राउस यांनी तिथली पहाट ध्वनिमुद्रित करून ठेवली. तोड झाल्यावर, वर्षभराने, ते पुन्हा तिथेच त्याच सुमाराला गेले. फोटोत दोन्ही वर्षांचं कुरण सारखंच दिसतं. ध्वनिमुद्रणात मात्र ओढ्याची खळखळ तेवढी उरली होती, आणि एका सुतारपक्ष्याची ठकठक. पुढे अनेक वर्षं ते तिथे जात राहिले, पण १९८८ मधली ती पहाट काही परत भरून आली नाही.

दोन पहाटांच्या तुलनेवरून विज्ञान सिद्ध होत नाही, हे खरं. एखाद्या दिवशी वारा असतो, एखाद्या वर्षी पाऊस लांबतो. म्हणूनच निसर्गाचे आवाज टिपण्याच्या या कलेचा जीव पुनरावृत्तीत आहे. कॅलिफोर्नियातल्याच शुगरलोफ रिज या उद्यानात क्राउस वर्षानुवर्षं दर एप्रिलमध्ये ध्वनिमुद्रण करत आले. दुष्काळाच्या २०१५ सालचा एप्रिल त्या मालिकेत जवळजवळ मुका आहे. सुटा ऐकला तर तो नुसता शांत वाटेल. आधीचे एप्रिल ऐकलेले असले तरच तो अंगावर येतो.

आता आपल्याकडे येऊ. मोठ्या प्रकल्पाला परवानगी मागताना पर्यावरण आघात मूल्यांकनाचा, म्हणजे ईआयएचा, अहवाल द्यावा लागतो. त्यात आवाजाचं एक प्रकरण असतं. जागोजागी मीटर ठेवून दिवसाचे आणि रात्रीचे डेसिबल मोजायचे आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतल्या मर्यादांशी ताडून पाहायचे. निवासी भागात दिवसा ५५, रात्री ४५. हे माप माणसाच्या कानाला बेतलेलं आहे. वटवाघळांच्या अतिउच्च आवाजाची त्यात गणतीच नाही. रातकिड्यांनी भरलेली जंगलातली रात्र ४५ ची मर्यादा सहज ओलांडते, आणि त्या मीटरच्या लेखी रातकिडा आणि जनरेटर सारखेच. म्हणजे जंगलाचा सगळ्यात जिवंत आवाज आपल्या कागदांवर येतो तो उपद्रव म्हणून.

याहून मोठी गोष्ट पुढे आहे. बऱ्याच प्रकल्पांना मूळ परिस्थितीची नोंद म्हणून एकाच हंगामाची माहिती पुरते, आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. सह्याद्री बोलतो कधी? मेअखेरीला नवरंग शिट्टी घालू लागतो, पावशा हाका मारतो, पहिल्या सरींनंतर ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची लांब शीळ सुरू होते. मग बेडूक येतात. पश्चिम घाटातल्या बेडकांच्या कित्येक जाती दिसायला इतक्या सारख्या, की त्यांना वेगळं ओळखायला शास्त्रज्ञांना त्यांची हाक ऐकावी लागते. यांतले बहुतेक जीव पावसाळ्यातच हाका देतात, एरवी गप्प असतात. आपण जंगलाची नोंद करतो ती नेमकी ते गप्प असताना, आणि पुढे त्या नोंदीच्या आधारावर लिहितो की इथे फारसं काही नव्हतं. पश्चिम घाटाच्या वादात मला याहून जास्त टोचणारी गोष्ट दुसरी नाही.

तिकडे चळवळीत काम करणारा माझा मावसभाऊ फोनवर वैतागला. म्हणाला, “ताई, इथे लोकांच्या जमिनी चालल्यात, आणि तू बेडकांचं काय घेऊन बसलीस? ही तिकडच्या पोटभरल्या लोकांची कला.” त्याच्या रागाला आधार आहे. पश्चिम घाट कसा राखावा यावरचा गाडगीळ समितीचा अहवाल २०११ चा, कस्तुरीरंगन गटाचा २०१३ चा. त्यानंतर पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राच्या मसुदा अधिसूचना एकामागून एक निघत राहिल्या, सहावी २०२४ च्या जुलैमध्ये. गावांची यादी निघते, गावात भीती पसरते, हरकती जातात, मसुद्याची मुदत संपते. हा सगळा खेळ नकाशांवर आणि टक्केवारीवर चालतो. ज्याच्या घरावर रेघ ओढली जाते, त्याला कुणी विचारत नाही की तुझ्या रानात पूर्वी काय ऐकू यायचं आणि आता काय येत नाही.

मला तर वाटतं, मावसभावाच्याच बाजूने ही कला सगळ्यात उपयोगी पडेल. उपग्रहाला वरून हिरवं दिसतं, पण ते हिरवं आतून भरलेलं आहे की पोकळ, हे कान लावल्याशिवाय कळत नाही. जुनं जंगल आणि एकाच जातीच्या झाडांची लागवड यांत जमिनीवर उभं राहून फरक ऐकू येतो, आणि तो ऐकायला पदवी लागत नाही. ‘बदल्यात झाडं लावली’ या दाव्याची तपासणी तिथल्या माणसालाही करता येते. अनामलाईच्या डोंगरांत मुद्दाम पुन्हा उभं केलेलं जंगल आणि आपसूक वाढू दिलेलं जंगल यांची तुलना आपल्याच संशोधकांनी ध्वनिमुद्रणांवरून केली आहे.

आणि पैशाचं म्हणाल, तर डेव्हिड डन हे संगीतकार न्यू मेक्सिकोतल्या पिन्यॉन पाइनच्या खोडांत शिरले ते मांस शिजलं का पाहायच्या थर्मामीटरची सुई आणि कंपनं टिपणारी एक स्वस्त पिझो चकती घेऊन. सालीखाली झाड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांची कुरकुर, करकर, चिवचिव त्यांनी २००६ च्या ध्वनिकृतीत लोकांसमोर ठेवली. वाढत्या उष्म्याने आणि दुष्काळाने अशक्त झालेली झाडं त्या भुंगेऱ्यांना बळी पडत होती. पुढे एका भौतिकशास्त्रज्ञाबरोबर डन यांनी त्यावर संशोधनही केलं. आज ऑडिओमॉथ नावाचं तळहातावर मावणारं ध्वनिमुद्रक यंत्र मिळतं. ते वटवाघळंही टिपतं आणि बऱ्याच स्मार्टफोनपेक्षा स्वस्त पडतं.

इथल्या दालनांबद्दल मात्र माझी तक्रार आहे, आणि ती मला मनापासून महत्त्वाची वाटते. पुष्कळ ध्वनिकृती धुऊनपुसून ठेवलेल्या असतात. विमान गेलं तर कापा, ट्रॅक्टर आला तर थांबा, माणूस बोलला तर पुन्हा घ्या. ऐकणाऱ्याला निर्मनुष्य, कुठेही न सापडणारं रान मिळतं, आणि तो सुखावून घरी जातो. ज्या बदलाविषयी ही कला बोलू पाहते, त्याचाच आवाज कात्रीखाली जातो. १९४२ च्या मे महिन्यात सरेमधल्या एका बागेतून बीबीसी नाइटिंगेल पक्ष्याचं गाणं थेट प्रसारित करणार होती. तेवढ्यात जर्मनीकडे निघालेल्या बॉम्बर विमानांची घरघर ऐकू येऊ लागली. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून प्रसारण बंद केलं, पण तबकडीवर मुद्रण चालू राहिलं. पक्षी गातोय आणि त्याच्यावरून विमानांचा थवा जातोय. ते ध्वनिमुद्रण आज इतकं मोलाचं आहे ते विमानं त्यात राहिली म्हणून. गेल्या पन्नास-साठ वर्षांत ब्रिटनमधले नाइटिंगेल ९० टक्क्यांहून जास्त घटले. मी इतकी वर्षं या देशात राहते, पण तो पक्षी मी संग्रहातच ऐकला आहे, झाडावर नाही.

आपण हे निर्मनुष्य रानाचं वेड उसनं घेतलं, तर नुकसान आपलं जास्त होईल. २०२४ मध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाचा कॉर्बेटमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या बाया लाकूडफाटा आणायला जंगलात जातात तेव्हा मोठ्याने बोलतात, गाणी म्हणतात. वाघा-हत्तीला चाहूल लागावी आणि गाठ टळावी हा त्यामागचा हेतू. वन्यजीवांसाठी लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे या बाया दबल्या, आवाज खाली आला, आणि धोका वाढला. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला, तरी जंगल माणसासकट की माणसाविना हा वाद आपल्याकडे मिटलेला नाही. झाडाला बांधलेलं ध्वनिमुद्रक यंत्र हाही एक पहारेकरी होऊ शकतो. कुणाचं खाजगी बोलणं त्यात अडकेल, ते कोण ऐकेल, वनखात्याच्या हाती पडलं तर काय होईल, याचं उत्तर आधी हवं. बायांनी आपणहून ठेवू दिलेलं गाणं मात्र त्या जंगलाच्या आवाजातून कापून काढू नये. ते तिथलंच आहे.

इंग्लंडकडून घ्यावं असं काही असेल तर ती जपणूक. पक्ष्याचं सर्वांत जुनं ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ चं, फ्रँकफर्टमध्ये लुडविग कॉख या लहान मुलाने मेणाच्या नळीवर केलेलं. पक्षी होता पिंजऱ्यातला शामा, जो आपल्या पश्चिम घाटातही गातो. कॉख १९३६ मध्ये नाझी जर्मनी सोडून ब्रिटनला आले, आणि ते ध्वनिमुद्रण इथल्या ब्रिटिश लायब्ररीत जपलं गेलं. २०२१ मध्ये युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन लाखांहून जास्त ठिकाणच्या पक्षिगणना आणि पक्ष्यांची ध्वनिमुद्रणं जोडून संशोधकांनी पंचवीस वर्षांचे वसंत पुन्हा ऐकले, आणि ते हळूहळू मंद आणि एकसुरी होत गेलेले आढळले. हौशी लोकांनी दर वर्षी न चुकता लिहून ठेवलं, म्हणून हे शक्य झालं. यांच्याकडे नोंदी भरपूर आहेत आणि बाहेर आवाज कमी उरलाय. आपल्याकडे बाहेर अजून पुष्कळ आहे, नोंद फार थोडी.

यासाठी नवी संस्था काढायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी स्थानिक पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितलं आहे. पुष्कळ ठिकाणी ती वही एकदा भरून कपाटात गेली. तिला आवाजाची जोड द्या. एक ओढा, एक देवराई, एक बांध निवडा. जूनमधली पहिल्या मोठ्या पावसानंतरची रात्र, ऑगस्टमधली एक पहाट, एप्रिलमधली एक पहाट. यंत्र त्याच झाडाला, तेवढ्याच उंचीवर, आणि आवाज पकडण्याची पातळीही तीच ठेवायची, कारण ती बदलली की तुलना बिघडते. वर तारीख, वेळ, वाऱ्या-पावसाची एक ओळ, आणि जवळ चिऱ्याची खाण सुरू असेल तर तसंही लिहायचं. ध्वनिमुद्रणाची मालकी ग्रामसभेची. ते कुणाला द्यायचं, कलावंताला की संशोधकाला, हे गाव ठरवेल. आणि कंपनी जनसुनावणीला ईआयए घेऊन आली की तिच्या पावसाळा वगळलेल्या प्रकरणासमोर आपला जून लावायचा, मंडपातल्या लाउडस्पीकरवर, पूर्ण, न कापता.