एवढा तगडा पीसी, आणि तरी गेम खेळताना गचके!

स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा सांगतो, सेकंदाला १४० फ्रेम, म्हणजे चित्रं. डोळ्यांना मात्र बैलगाडीत बसल्यासारखं वाटतं. कारण तो आकडा सरासरीचा! सेकंदाला १४० फ्रेम म्हणजे प्रत्येकीला जेमतेम ७ मिलिसेकंद; त्यात एखादीच ८० मिलिसेकंद अडून बसली की गचका ठरलेला, आणि सरासरी आपली साळसूद.

मग ड्रायव्हर (ग्राफिक्स कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) काढा, पुन्हा टाका. सेटिंग्ज 'अल्ट्रा'वरून 'लो'वर आणा. (एवढं महागडं ग्राफिक्स कार्ड 'लो'वर चालवायला घेतलं होतं का मी?) ढिम्म फरक नाही. गोम वेगळीच: नव्या जागी पाऊल टाकलं की गेम तिथले शेडर (दृश्य कसं रंगवायचं ते कार्डाला सांगणारे छोटे प्रोग्रॅम) त्याच क्षणी कंपाइल करायला, म्हणजे कार्डाच्या भाषेत आणायला घेतो. ते काम प्रोसेसरचं. कार्ड बिचारं हातावर हात ठेवून बसतं. त्याच वाटेने पुन्हा गेलो की सगळं सुरळीत. सुटलो म्हणावं, तर नवा ड्रायव्हर येतो, शेडरचा साठा बाद, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न!

परवा तर रॅमच ६००० ऐवजी ४८०० च्या वेगावर रांगताना सापडली. बायोस (पीसी सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर एक्सएमपी, म्हणजे रॅमला पूर्ण वेगाने पळवणारी सेटिंग, गुपचूप बंद. सांगायचं कोणी?

"तुझा पीसी कमी पडत असेल," मित्र म्हणतो. स्वतःच्या जुनाट लॅपटॉपवरून!