लाल बावट्यावरील चार आरोप

नाशिकच्या व्हॉट्सअॅप गटांतून एक संदेश फिरतो आहे. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष (माकप) हा नक्षलवाद्यांचाच उघडा चेहरा आहे, चीनच्या पाठराखणीतून तो जन्मला, २०१८ च्या लाँग मार्चमधील माणसे शेतकरी नसून जमवलेली होती आणि या पक्षाला शेतकऱ्यांची जमीन सरकारजमा करायची आहे, असे त्यात म्हटले आहे.

पहिला आरोप सनावळीतच कोसळतो. माकप १९६४ मध्ये स्थापन झाला. ज्यावरून नक्षलवादी हे नाव पडले, त्या बंगालमधील नक्षलबारीत १९६७ मध्ये उठाव झाला तेव्हा माकप बंगालच्या संयुक्त आघाडी सरकारात होता आणि सशस्त्र मार्ग धरणाऱ्यांना त्याने पक्षाबाहेर काढले. त्यांनी १९६९ मध्ये वेगळा पक्ष काढला. आज बंदी असलेला माओवादी पक्ष तर २००४ मधला. इकडे नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा-कळवण पट्ट्यात माकपचे जे. पी. गावित अनेकदा आमदार झाले, २०१९ आणि २०२४ मध्ये पराभूतही झाले. निवडणूक न मानणाऱ्यांचा हा रिवाज नव्हे.

चीनबाबत अर्धसत्य आहे. १९६२ च्या युद्धावरून तेव्हाच्या अविभाजित कम्युनिस्ट पक्षात तट पडले, डाव्या गटाचे अनेक नेते तुरुंगात गेले. पण काँग्रेसशी कसे वागायचे, हा १९६४ च्या, माकपला जन्म देणाऱ्या फुटीमागचा तितकाच मोठा वाद होता. शिवाय १९६७ मध्ये चिनी पक्षाच्या मुखपत्राने नक्षलबारीचे स्वागत ‘वसंतातील मेघगर्जना’ म्हणून केले आणि माकपवर दुरुस्तीवादाचा, म्हणजे क्रांतीचा मार्ग सोडल्याचा, शिक्का मारला, त्यामुळे संदेशातील पहिले दोन आरोप एकमेकांनाच छेद देतात. (१९४२ च्या चळवळीपासून अविभाजित पक्ष दूर राहिला, हा टीकेचा खरा मुद्दा संदेशकर्त्याला सुचलेला दिसत नाही.)

लाँग मार्च ६ मार्च २०१८ रोजी नाशिकच्या सीबीएस चौकातून माकपशी संलग्न अखिल भारतीय किसान सभेने काढला. सुमारे १८० किलोमीटर चालत आलेल्या हजारोंमध्ये सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवणचे आदिवासी मोठ्या संख्येने होते, आणि दहावीच्या परीक्षार्थींची अडचण होऊ नये म्हणून त्यांनी शेवटचा टप्पा रात्री चालून मुंबईचे आझाद मैदान गाठले. ‘सातबारा नाही, मग शेतकरी कसले?’ असा या आरोपाचा खरा सूर आहे. पण ते वनजमीन कसतात आणि तिचा कागद नावावर नाही, हेच तर मोर्चाचे कारण होते. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी कसत असलेली, कमाल चार हेक्टर जमीन त्यांच्या हक्काची ठरते. मात्र दावे फेटाळले जात किंवा कसण्यात असलेल्या क्षेत्राहून कितीतरी कमी क्षेत्र मंजूर होत असे. नार-पार, दमणगंगा या नद्यांचे पाणी गुजरातला देऊ नये, अशीही मागणी होती. १२ मार्चला सरकारने लेखी आश्वासन दिले.

शेवटचा आरोप पक्षाच्या अंतिम ध्येयाचा आहे. उत्पादनसाधनांची सामाजिक मालकी हे उद्दिष्ट पक्ष लपवत नाही आणि त्याला विरोध करण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. तथापि त्याचा कार्यक्रम आधी जमीनदारी संपवून कसणाऱ्याला जमीन देण्याचा आहे. त्याच्या नेतृत्वाखालील बंगाल सरकारने १९७८ पासून ‘ऑपरेशन बर्गा’त बटाईदारांची नोंद केली, त्यांची शेते ताब्यात घेतली नाहीत. इकडे वनहक्क कायद्याने मिळणारा वनपट्टा, म्हणजे वनजमिनीच्या हक्काचा कागद, वारसांना मिळतो, विकता मात्र येत नाही. तोही हाती न आल्याने मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा मोर्चा निघाला आणि ठाणे जिल्ह्यातील वाशिंदपर्यंत गेला.