पाणी किती, त्यापेक्षा कधी

पीटभूमीवरच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरांनी बनलेल्या दलदलीवरच्या, एका लेखात ‘पाणी उतरलं की पीटभूमीतलं स्फॅग्नम मॉस वाळतं’ एवढ्यावरच विषय संपवलाय. या मॉसच्या, म्हणजे दलदलीत वाढणाऱ्या या बिनफुलांच्या छोट्या वनस्पतीच्या, पुनरुत्पादनाचं गणित मात्र वेगळं आहे. शुक्रपेशी पोहत अंडपेशीपर्यंत जातात, म्हणून फलनाच्या वेळी पाण्याचा पातळ थर हवाच. त्यात बऱ्याच जातींत नर-मादी रोपं वेगळी! पुढे मात्र बीजाणुकोश (फलनानंतर वाढणारी, बियांसारख्या सूक्ष्म बीजाणूंची कुपी) वाळावाच लागतो. तो सुकताना आक्रसतो, आत हवेचा दाब वाढतो आणि झाकण उडून बीजाणू १० सेंटिमीटरहून उंच फेकले जातात. कोश पाण्याखाली राहिला तर हा बार फुसकाच. उलट कोश पिकण्याआधीच दुष्काळ पडला तर तो अर्धवट वाढूनच मरतो. मॉसच्या तुटलेल्या तुकड्यांपासूनही नवी रोपं येतात हे खरं, पण नुसत्या त्यांवर विसंबून जनुकीय विविधता कुठून येणार?