गोधडीचे ७२ टक्के

सातपूर एमआयडीसीत उभा जन्म क्वालिटी कंट्रोलमध्ये घालवलेल्या माणसानं निवृत्तीनंतर गोधडी शिवायला घेतली, की लोक आधी त्याच्या बायकोची चौकशी करतात. "वहिनींची तब्येत बरी आहे ना?" बरी आहे. तिला शिवणाची आवड नाही, मला आहे, एवढंच. आईचं जुनं पायमशीन मीच तेलपाणी करून चालू केलं, कापड मीच कापलं आणि साडेतीन इंचांचे १७५ चौकोन एकमेकांवर रचले तर कडेला नख अडकणार नाही, इतके सारखे कापले. हे कौतुक माझं मीच करतोय, कारण घरात दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

चौकोन सगळे घरातलेच. आईची दोन लुगडी, एक लाल आणि एक हिरवं. दादांचे पट्ट्यापट्ट्यांचे सदरे. मुलीचे फ्रॉक आणि शाळेचा गणवेश. लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत जिच्यावर अनाराची ठिणगी पडली ती बायकोची साडी. माझा कंपनीचा निळा शर्ट. यातलं एकही कापड मला निवडायचं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापल्या वेळी दुकानदाराशी हुज्जत घालून ते घेतलेलं होतं, आणि त्यावरून काही भांडण झालं असेल तर तेही जुनं होतं. निवडायचं होतं ते एकच कापड, या चौकोनांच्या मधे आणि भोवती येणारं साधं, एकरंगी. शिवणक्लासच्या बाई त्याला बॅकग्राउंड म्हणतात.

माझ्या आजीला असलं काही निवडावं लागलं नाही. जे लुगडं आधी विरलं ते गोधडीला लागायचं. वर ठिगळं, आत चिंध्या, आणि कडेपासून आत आत जाणारा धावदोरा. रंगसंगती दारिद्र्यानं ठरवून दिलेली असायची, आणि दिसायचीही फार देखणी.

माझ्या गोधडीचा नमुना असा. नऊ चौकोनांचा एक ठोकळा, त्यात पाच रंगीत आणि चार साधे. शेजारी तेवढाच, म्हणजे शिलाईत जाणारं कापड वजा करून नऊ इंचांचा, अख्खा साधा ठोकळा. मग पुन्हा रंगीत. असे आडवे सात, उभे दहा. म्हणजे ६३ बाय ९० इंच. सवयीनं कागदावर गणित मांडलं तर ५६७० चौरस इंचांत ४०९५ चौरस इंच साधं कापड निघालं. ७२ टक्के! आईच्या लुगड्यांपासून माझ्या शर्टापर्यंत आमचं सगळं घराणं मिळून २८ टक्के, आणि ज्याच्याकडे कुणी ढुंकून बघणार नाही ते कापड ७२ टक्के. हा आकडा मी रात्री जेवताना बोलून गेलो. त्या क्षणापासून बॅकग्राउंड हा सार्वजनिक प्रश्न झाला.

"पांढरं घेतो," मी म्हणालो. पांढऱ्यावर कुठलाही रंग स्वच्छ दिसतो.

"धुणार कोण?" बायकोनं वरणाची वाटी पुढे सरकवत विचारलं. सिंहस्थ जवळ आला की नाशकातले रस्ते उकरले जातात आणि निम्मा रस्ता आमच्या गॅलरीत येऊन बसतो, हे तिला सांगावंसुद्धा लागलं नाही. आईचा आक्षेप निराळा होता. "पांढरं पांघरूण माझ्या अंगावर घालायची घाई झालीय का कुणाला?" यावर पुढे चर्चा होऊ शकत नाही. पांढरा बाद.

काळ्यावर लाल-हिरवे रंग पेटून उठतात. शिवाय आई संक्रांतीला हौसेनं चंद्रकळा नेसते, तेव्हा तिला तो पटेल असा माझा अंदाज होता. "नेसणं वेगळं, निजणं वेगळं," ती म्हणाली. भगवा, निळा आणि हिरवा हे तीन रंग बायकोनं एका वाक्यात निकालात काढले. गच्चीत वाळत घातली तर सोसायटीतले लोक विचारतील, कुठल्या प्रभागातून उभे राहताय? गुलाबी म्हटलं तर आईला बाळंतविडा आठवला आणि तिनं व्हिडिओ कॉल लावून मुलीला विचारलं, काही विशेष आहे का म्हणून. विशेष काही नव्हतं, पण मुलगी आता पुण्याहून चर्चेत सामील झाली.

"बाबा, ग्रे घ्या. हल्ली सगळीकडे ग्रेच चालतो."

"सगळीकडे म्हणजे कुठं?"

"सगळीकडे हो."

बायकोच्या मते ग्रे म्हणजे पांढराच, धुवायचा राहिलेला.

शेवटी मी चौकोनांची पिशवी घेऊन मेन रोडला एका मॅचिंग सेंटरमध्ये गेलो. रविवार कारंजापाशी गाडीला जागा शोधण्यात जो वेळ गेला त्यात आजीनं अख्खी गोधडी टाचली असती. दुकानात जमिनीपासून छतापर्यंत अस्तर, पॉपलीन, केंब्रिक आणि टू बाय टूचे ताके. काउंटरला बायकांची तिहेरी रांग आणि प्रत्येकीच्या हातात साडी. मी शिरल्या शिरल्या दुकानातल्या पोरानं हात पुढे केला.

"साडी दाखवा काका."

"साडी नाहीये."

"मग मॅचिंग कशाला करायचंय?"

मी पिशवी काउंटरवर पालथी केली. आजूबाजूच्या खरेद्या थांबल्या. एका बाईंनी आईच्या लाल लुगड्याचा चौकोन उचलून बोटांत चुरगाळला आणि "हे सूत आता मिळत नाही हो" म्हणाल्या. दुसरीनं विचारलं, क्लासचं कुणाचं सामान आहे का? पोरगा शहाणा निघाला. म्हणाला, "काका, उगाच चुकीचं जाईल. वहिनींना फोन लावा." मी सांगितलं, गोधडी मी शिवतोय. तो समजूतदारपणे हसला आणि पुन्हा म्हणाला, "तरी लावाच."

फिकट काहीतरी दाखव, म्हणालो. त्यानं भराभर ताके उलगडले: मोतिया, हस्तिदंती, बदामी, चंदनी, श्रीखंडी, गव्हाळ, लिंबू. गडद हवं असेल तर आमसुली, वांगी, कोनफळी, डाळिंबी, अंजिरी. दुपारचा एक वाजला होता आणि मी जेवलो नव्हतो. मी आयुष्यभर मालाचे दोनच प्रकार ओळखत आलो, पास आणि रिजेक्ट. इथं मोतिया आणि हस्तिदंती यांच्यातला फरक तिथल्या प्रत्येक बाईला दिसत होता, मला सोडून.

"उजेडात बघा," पोरगा म्हणाला. दुकानाची ट्यूबलाइट प्रत्येक कापडाला थोडा निळेपणा देते, म्हणून रंगाचा खरा निवाडा फुटपाथवर होतो. पण त्या गल्लीत ऊन दोन इमारतींच्या मधून एक पट्टा येतं आणि त्या पट्ट्यात आधीच दोन साड्या आणि एक नवरा उभा होता. माझी पाळी आल्यावर मी दोन्ही हातांत दोन कापडं धरून उन्हात उभा राहिलो. स्कूटरवरून जाणारा एक अनोळखी माणूस ब्रेक लावून म्हणाला, "काका, डावीकडचं घ्या." त्याची डावी की माझी, हे विचारायच्या आत तो दहीपुलाकडे निघूनही गेला.

मी प्रत्येकाचं पाव पाव मीटर घेतलं आणि घरी येऊन दिवाणखान्याच्या भिंतीला टाचलं. कॅलेंडर काढावं लागलं. त्यामुळे चतुर्थी कधी हे आईला रोज विचारावं लागू लागलं आणि तिचा या प्रकल्पाला विरोध वाढला.

भिंतीवर एक विचित्र प्रकार दिसला. एकाच श्रीखंडी कापडावर एका टोकाला हिरव्या लुगड्याचा चौकोन लावला, दुसऱ्या टोकाला लाल लुगड्याचा. हिरव्याशेजारी तेच कापड गुलाबीकडे झुकलं, आणि लालशेजारी त्यावर हिरवट झाक आली. माझा हात सवयीनं रिजेक्शनच्या शिक्क्याकडे गेला, पण दोष कापडाचा नव्हता. पॅरिसला गोबलँ नावाच्या जुन्या कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रवस्त्रं विणत असत. तिथल्या रंगखात्याचा प्रमुख शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. त्याच्याकडे तक्रार आली की काळ्या रंगात दम नाही. त्यानं रंग तपासला तर रंग चोख. मग लक्षात आलं की शेजारी निळे-जांभळे धागे आले की डोळ्यालाच तो काळा फिका वाटतो. या शेजारधर्मावर त्यानं १८३९ साली जाडजूड ग्रंथ छापला. तक्रार खरी आणि मालही चांगला, ही अवस्था मी नोकरीत पुष्कळदा भोगलीय, त्यामुळे हा माणूस मला फार जवळचा वाटला. शेव्रल १०२ वर्षं जगला. रंगाच्या तक्रारी ऐकून एवढं आयुष्य लाभलं, यावरून त्या घरून येत नसाव्यात.

क्लासच्या बाईंनी सांगितलं होतं की नुसता रंग बघायचा नसतो, फिका-गडद बघायचा असतो. त्यासाठी डोळे किलकिले करतात. मला चष्मा काढला तरी पुरतं. दुसरी युक्ती म्हणजे मोबाइलवर फोटो काढून तो कृष्णधवल करायचा. मी तसा फोटो आईला दाखवला.

"रंग निवडायचाय आणि फोटोतला रंग काढून टाकलास?"

"आई, बघ. तुझं लाल आणि हिरवं लुगडं यात अगदी एकसारखं करडं दिसतंय."

"ते लाल तुझ्या मुंजीतलं आहे. ते हिरव्यासारखं कसं असेल?"

यालाही उत्तर नव्हतं. पण फोटो खोटं बोलत नव्हता. आमच्या घराण्याचे चौकोन बहुतेक मध्यम ते गडद, आणि मुलीच्या मनातला ग्रे नेमका त्यांच्याच वजनाचा. त्यावर दादांचे सदरे ठेवले की दादाच दिसेनासे होत. म्हणजे बॅकग्राउंड सगळ्यांत फिक्या चौकोनाहूनही फिकं हवं. तो चौकोन मुलीच्या पिवळ्या फ्रॉकचा निघाला. शास्त्रानं हा निकाल दिल्यावर मुलीनं "मग तुम्हाला हवं ते करा" असं म्हणून कॉल ठेवला.

ओल्या पांढऱ्या रुमालानं कापड घासून रंग जातो का तेही बघितलं. माझ्या मुंजीतल्या लुगड्यानं एवढ्या वर्षांनीही रुमाल गुलाबी केला, म्हणजे पांढरा बाद झाला ते बरंच झालं. बायकोला हे सांगितलं. तिनं रुमाल कुणाचा होता एवढंच विचारलं.

घासून, पुसून, चष्मा काढून तीन रंग उरले, श्रीखंडी, चंदनी आणि गव्हाळ. हिशेबानं ४४ इंची पन्ह्याचं सव्वातीन मीटर कापड लागत होतं. कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात तीन ते पाच टक्के आटतं, शिवाय हाताशी थोडं जास्तीचं असावं, म्हणून चार मीटर. आणि तेही एकाच ताक्यातलं, कारण रंगाचा घाणा बदलला की छटा बदलते आणि गोधडीच्या मधोमध शीव आखल्यासारखी दिसते. मी पुन्हा मेन रोडला गेलो. पोरानं श्रीखंडीचा ताका मोजला, पावणेदोन मीटर. चंदनी सकाळीच एका लग्नघरानं उचलला होता. "काका, गव्हाळ घ्या. तेवढाच आहे." रंगशास्त्रावरचं इतकं स्वच्छ विधान मी तोवर कुठं वाचलं नव्हतं. गव्हाळ घेतला. घरी सगळ्यांनी सांगितलं की आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो.

पुढचं काम सरळ झालं. ठोकळे जोडले, आत जुनी सुती धोतरं घातली. खालच्या बाजूला काय लावायचं हा विषय निघाला तेव्हा मी जरा दम खाल्ला, पण बायको उठली, कपाटातून मोरांची जुनी डबल चादर काढली आणि माझ्या मांडीवर टाकली. "खालचं कोण बघतंय?" चहा उकळायच्या आत विषय संपला.

डिसेंबरात निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या तोवर धावदोराही पुरा झाला. गोधडी आईच्या पलंगावर गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर पलंगभर मोर.

"आई, उलटी घातलीस."

"मुद्दाम घातली. चांगली बाजू वर ठेवली तर मळेल. कुणी आलं की सुलट करू."

दुपारी समोरच्या काकू तिळगुळाच्या वड्यांचं प्रमाण विचारायला आल्या. सुलट करायला कुणी उठलं नाही. काकूंनी पलंगाजवळ जाऊन गोधडीवरून हात फिरवला, चार पावलं मागे सरकून मान तिरकी करून बघितलं आणि म्हणाल्या, "काय सुंदर मोर आहेत! कुठं मिळालं हो हे कापड?"

"ह्यांना विचारा," बायको म्हणाली. "फार हिंडले त्यासाठी."