तासाबाहेरचं शिकवणं

मागच्या मे महिन्यात निवृत्त झाले. नाशिकमध्ये 32 वर्षं कॉलेजात भूगोल शिकवला. परवा विभागात काही कागद द्यायला गेले होते, तेव्हा तिथल्या एका तरुण प्राध्यापिकेनं विचारलं, "मॅडम, एवढ्या वर्षांत तुम्ही काय शिकलात?" जिन्यात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

नोकरीतलं तिसरं की चौथं वर्ष असेल. पर्जन्यछायेचा, म्हणजे डोंगराआडचा कमी पावसाचा प्रदेश शिकवत होते. त्यासाठी आपल्या जिल्ह्याइतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही: इगतपुरीत 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि सिन्नरच्या पूर्वेला जेमतेम 500. फळ्यावर सह्याद्रीचा छेद काढला, वाऱ्याचे बाण काढले, तास संपला. सुरगाण्याकडची एक मुलगी दारात थांबून राहिली. वर्गात ती कधी तोंड उघडत नसे. म्हणाली, "मॅडम, आमच्याकडं चार महिने पाऊस उघडत नाही. तरी एप्रिलात आई रात्री झिऱ्यावर जाऊन बसते, वाटीवाटीनं हंडा भरते. असं का?"

उत्तर मला येत होतं. खाली बेसॉल्टचा कातळ, वर मातीचा पातळ थर, उतार तीव्र. पाणी मुरायच्या आत नार, पार, दमणगंगेतून गुजरातेत आणि तिथून समुद्रात जातं. पण यातला खडक मी भूरूपशास्त्राच्या पेपरात शिकवत होते, पाऊस हवामानशास्त्रात आणि पाणी साधनसंपत्तीच्या धड्यात. तिच्या आईच्या हंड्यापाशी हे तिन्ही एकत्र येतात, हे मला त्या दिवशी दारात उभं राहून कळलं. बोलता बोलता तिच्या वसतिगृहाची जेवणाची वेळ टळली, मग तिला घरीच जेवायला नेलं.

पुढच्या जूनपासून हजेरीपटात प्रत्येक नावापुढे गाव लिहायला लागले. विभागातल्या नकाशावर मुलं स्वतःच्या हातानं टाचणी लावायची. त्या टाचण्यांनी मला जे शिकवलं, ते कुठल्याच उजळणी वर्गात मिळालं नाही. ऑक्टोबरात निफाड-दिंडोरीची मुलं गायब होतात, कारण द्राक्षाची छाटणी सुरू असते. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड. कुणाची स्वतःची बाग असते, कुणी दुसऱ्याच्या बागेत रोजानं जातं.

हे कळायच्या आधी मी एका मुलाची प्रॅक्टिकलची जर्नल सही न करता परत केली होती. हजेरी भरत नव्हती, 75 टक्क्यांचा नियम होता. तो फीचे पैसे जमवायला बागेत जात होता, हे मी विचारलंच नाही. त्याचं वर्ष गेलं, तो परत आला नाही. नियम पाळला म्हणून मला कुणी दोष दिला नाही. पण मी चुकले होते, आणि आज हे सगळ्यांसमोर लिहिणं मला गरजेचं वाटतं.

म्हणून अलीकडचं चित्र बघून जीव तुटतो. माझ्या शेवटच्या काही वर्षांत विभागातले निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर होते. सेट-नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा पास झालेले, काही जण पीएचडी. मानधन घेतलेल्या तासांचं, तेही उशिरा. उन्हाळ्याच्या सुट्टीत काहीच नाही. एका कॉलेजातला तास संपला की गाडीला किक मारून दुसरं कॉलेज गाठायचं. दारात थांबलेल्या मुलीसाठी पाऊण तास यांनी कुठून आणायचा? त्यांना बोल लावायचा मला काहीच अधिकार नाही. त्यातले काही तर माझ्याहून चांगलं शिकवतात. कायमच्या जागा भरल्या पाहिजेत, हे मी प्राध्यापकांच्या सोयीसाठी म्हणत नाही, सुरगाण्याच्या त्या मुलीसाठी म्हणते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलींसाठी आम्ही प्रत्येक उपक्रमाचे अक्षांश-रेखांशासकट फोटो जोडत होतो. दारातल्या बोलण्याचा फोटो कुणी काढत नाही, म्हणून त्याचा हिशेब कुठेच धरला जात नाही.

मला प्रश्न विचारणारी ती प्राध्यापिकाही तासिकेवरच आहे. मी सुरगाण्याच्या मुलीचं सांगायला सुरुवात केली, ती मन लावून ऐकत होती. पण तिचा पुढचा तास 12:20 ला गावाच्या दुसऱ्या टोकाला होता आणि हेल्मेट तिच्या हातातच होतं.