रेघा मारल्या म्हणजे मूकपट होत नाही

पुन्हा तेच! वेंगुर्ल्याच्या बंदरावर केलेलं प्री-वेडिंगचं शूटिंग आलं, आणि सोबत निरोप: ‘दादा, जुन्या मूकपटासारखं करून द्या. रेघा नि ठिपके भरपूर टाका, स्पीड वाढवा.’ दर लग्नसराईत हेच. डोकं फिरतं माझं.

अहो, त्या रेघा मूकपटाच्या नव्हेत! फिल्मची प्रिंट वर्षानुवर्षं प्रोजेक्टरमधून गेली, कुणी नीट जपली नाही, म्हणून ओरखडे पडले. नवी प्रिंट लख्ख असायची. आणि माणसं तुरुतुरु पळायचीही नाहीत. कॅमेरा हाताने फिरवायचे, सेकंदाला साधारण १६ ते २० फ्रेम. पुढे तीच फिल्म २४ च्या वेगाने दाखवली, म्हणून ती धावपळ.

खरी जादू रंगात आहे, आणि तिकडे कोणी बघतच नाही. तेव्हाच्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही. म्हणजे आपली जांभ्याची भिंत काळपट, कुंकू काळं, आणि निळं आभाळ पांढरंफटक. नुसतं सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा गडदपणा, शून्यावर नेलं की हे येत नाही. लाल चॅनल, म्हणजे चित्रातला लाल रंगाचा भाग, काढून निळ्या-हिरव्यावरून कृष्णधवल चित्र बनवावं लागतं. परवा रात्रभर बसून तसं केलं. नवरीच्या कपाळावरची लाल चंद्रकोर अशी ठसठशीत काळी उठली की मी बघतच राहिलो. रात्रीच्या प्रसंगाला निळी छटा दिली, तेव्हा देत तशीच.

उत्तर आलं, ‘छान झालंय, पण रेघा कुठायत?’

टाकल्या शेवटी. त्या चंद्रकोरीवरूनच गेली एक. जीव तुटला नुसता.