नाचणीवर भाजणी चालेल का?

२०२५च्या दिवाळीला आमच्या घरच्या चकल्या जुन्या सायकलच्या टायरच्या रंगाच्या झाल्या. डबा अजून ओट्यावर आहे. कोणी आलं की हिचा हात शंकरपाळ्यांकडे जातो आणि नजर माझ्याकडे. गुन्हा मला कबूल आहे. पण या गुन्ह्यात तुतारी, 'सैराट', पॉपकॉर्नवरचा जीएसटी आणि एक काका यांचाही हात आहे, आणि ते सगळे मोकळे फिरतायत, म्हणून हा जबाब.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी चार किलो भाजणी घेऊन मला गिरणीत धाडण्यात आलं. सोबत बजावणी. "आधी काय दळलंय ते विचार. तांदळावर नाहीतर हरभरा डाळीवरच घालायला सांग. आणि तिथे कोणाच्या नादी लागू नकोस."

पिठाच्या पिशव्या घरपोच मागवणाऱ्यांसाठी थोडं सांगायला हवं. गिरणीच्या दोन दगडांमध्ये आणि खालच्या कापडी नळीत आधीच्या दळणाचं थोडं पीठ अडकून राहतं, ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. त्यामुळे प्रत्येक जण शेजाऱ्याचं चिमूटभर घेऊन जातो आणि आपलं चिमूटभर मागच्याला ठेवून जातो. इतकी समाजवादी व्यवस्था या देशात दुसरीकडे शिल्लक नसेल. म्हणूनच बायका 'गव्हावर गहू, ज्वारीवर ज्वारी' असा आग्रह धरतात. बाजरीवर गहू पडला की आठवडाभर पोळ्या सुतकी दिसतात.

डोंबिवली पूर्वेतली ही गिरणी म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. त्यात एक मोटर, एक पट्टा, तेवीस डबे आणि काका. काका उलट्या डब्यावर बसले होते. भुवयांवर पीठ, मांडीवर घडी केलेलं वर्तमानपत्र, पायाशी नाचणीची पिशवी. डॉक्टरांनी साखरेसाठी नाचणी सांगितली आहे ही माहिती त्यांनी मला न विचारता दिली. त्याच दमात, साखर वाढली त्या वर्षी सरकार कोणाचं होतं तेही सांगितलं.

गिरणी चालू असताना माणसाच्या बोलण्यातली फक्त नामं ऐकू येतात, क्रियापदं पिठात जातात. मला ऐकू आलं ते असं: "…सरकार… …लाज… …मल्टिप्लेक्स… …लाह्या!" मी मान हलवली. समोरच्याचं अर्धं बोलणं कळत नसलं की मराठी माणूस 'हं, हं, बरोबर आहे' म्हणतो. लग्नाला वीस वर्षं झालेल्या माणसाला तर याचा उत्तम सराव असतो. पण काकांनी ती मान सही-शिक्का समजून घेतली आणि डबा माझ्या जवळ ओढला.

आता कानापाशी आल्यावर विषय कळला. रांगेत कोणाचा तरी मक्याचा डबा होता आणि काकांना त्या मक्याचं पुढे काय होऊ शकलं असतं याची चिंता होती. "हा मका दळला तर पीठ. फुलवला तर लाह्या. त्याच लाह्या थिएटरात गेल्या की पॉपकॉर्न! बरोबर?" बरोबर. "डिसेंबर २०२४. जैसलमेरला जीएसटी परिषद बसली. खुलासा काय केला? मीठ-मसाल्याचे सुटे असतील तर ५ टक्के. तेच पाकिटात घालून लेबल लावलं की १२. आणि कॅरमल लावलं की १८! एकाच कणसाच्या तीन जाती!" शेवटचं वाक्य इतकं जोरात होतं की मक्याच्या मालकीणबाईंनी डबा जवळ घेतला.

मला यावर बोलायचं होतं. पॉपकॉर्न या विषयावर माझंही एक मत आहे, आणि बरं आहे. पण मी तोंड उघडलं तेवढ्यात काका म्हणाले, "आता सप्टेंबरात १२चा टप्पा काढला. खारे सुटे असोत की पाकिटातले, ५. कॅरमल मात्र १८च. म्हणजे गोडाचा राग आहे. डॉक्टरचं नि सरकारचं एकमत!" आणि नाचणीच्या पिशवीवर थाप मारली.

तेवढ्यात त्यांचा नंबर आला. गिरणीवाल्या दादांनी नाचणी वरच्या नरसाळ्यात ओतली. माझा नंबर त्यानंतर. हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मी तांदळाचा डबा कोणाचा आहे ते विचारणारही होतो, पण काकांनी माझा दंड धरला, कारण आता तुतारी आली होती.

काकांचं सासर साताऱ्याकडचं, त्यामुळे २०२४ची लोकसभा त्यांना घरच्या भांडणासारखी तोंडपाठ. एका पक्षाचं चिन्ह होतं तुतारी वाजवणारा माणूस. एका अपक्षाला मिळालं ट्रम्पेट, आणि मराठी यादीत त्याचंही नाव 'तुतारी'. लोक त्याला पिपाणी म्हणाले. साताऱ्यात त्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली आणि तुतारीवाला उमेदवार पडला ३२ हजारांच्या फरकाने. इथवर ठीक, हे पेपरात आलेलं आहे. मला नको होतं ते प्रात्यक्षिक.

"तुम्हाला फरक माहितेय का?" काका उठले. वर्तमानपत्राची पुरवणी सोडवून तिची सुरळी केली. "ही पिपाणी." सुरळी तोंडाला लावून त्यांनी एक बारीक, नाकातला, वरातीत मागे राहिलेल्या पोराने काढावा तसा आवाज काढला. गिरणीच्या घरघरीत तो मला दिसला फक्त. गाल फुगले, शिरा ताणल्या, भुवयांवरचं पीठ उडालं. "आणि ही तुतारी!" आता त्यांनी खुंटीवरचं तेलाचं पत्र्याचं नरसाळं काढलं, अंगरख्याला पुसलं, एक पाय पुढे टाकला, मान मागे नेली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत असतो तसा पवित्रा. छातीत हवा भरली. मक्याच्या बाई मागे सरकल्या. काकांनी फुंकलं.

आणि वीज गेली.

पट्टा थांबला, दगड थांबले, पंखा थांबला. सगळ्या गल्लीत एकच आवाज उरला: "तूऽऽऽऽऽ!" खरं सांगतो, उत्तम होती. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला, एक कुत्रं उठून उभं राहिलं, आणि हँडलला झेंडा लावलेली एक स्कूटर करकचून थांबली. स्कूटरवरच्या तरुणाने आधी काकांकडे, मग नरसाळ्याकडे, मग का कोण जाणे माझ्याकडे रोखून पाहिलं.

"कोणत्या गटाचे?"

"नाचणी," काका म्हणाले.

तो बराच वेळ विचार करत उभा होता. मग मला म्हणाला, "तुम्ही पण?" मी डबा दाखवला. "भाजणी." त्याने मोबाइलमध्ये काहीतरी टिपलं आणि निघून गेला. महाराष्ट्रात २०२२पासून इतके गट झालेत की यातलं एखादं नाव त्याने खरंच लिहून घेतलं असेल.

पुढची चाळीस मिनिटं वीज नव्हती. गिरणीच्या आवाजाला मी उगाच शिव्या दिल्या होत्या. तो थांबल्यावर काकांची क्रियापदंही ऐकू यायला लागली.

काकांचं मूळ तत्त्वज्ञान मध्यंतराचं आहे. २०१६ साली 'सैराट' लागला तेव्हा ते मध्यंतराला उठून घरी आले. "लोक म्हणतात शेवट भयंकर आहे. असेल. माझ्या 'सैराट'मध्ये ते दोघं अजून पळतायत, मजेत आहेत. शंभर कोटी मिळवले पिक्चरने, पण शेवट बघणाऱ्याला काय मिळालं? रडू!" हाच नियम ते सगळीकडे लावतात. मालिका लग्न लागेपर्यंत बघायची. भाषण 'माझ्या तमाम' इथपर्यंत ऐकायचं. क्रिकेट पहिल्या डावापर्यंत. आणि सरकार? "नोव्हेंबर २०१९. पहाटेचा शपथविधी. ऐंशी तासांत खेळ खलास. तेवढं एकच सरकार मी पूर्ण पाहिलं. त्यानंतरचं सगळं लांबलेलं आहे."

मला हसू आलं हे नाकारत नाही. पण चाळीस मिनिटं अंधारात, पायाशी चार किलो भाजणी, आणि 'वीज कधी येईल?' हे विचारायला तेव्हा या शहरात एक माणूस नव्हता, यावर मात्र हसू येईना. आमच्या महापालिकेची त्याआधीची निवडणूक झाली होती १ नोव्हेंबर २०१५ला. पाच वर्षांची मुदत २०२०मध्ये संपली, तेव्हापासून त्या दिवाळीपर्यंत प्रशासकच. जानेवारी २०२६अखेर निवडणुका उरका असं सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं. तोवर चौकाचौकात माजी नगरसेवकांचे शुभेच्छा फलक होते, भावी नगरसेवकांचे त्याहून मोठे होते. आजी तेवढा नव्हता. माझ्या मुलाला शाळेत 'नगरसेवकाची कामे लिहा' असा प्रश्न आला होता. २०१५ची निवडणूक झाली तेव्हा तो रांगत होता, या दिवाळीला पाचवीत होता. नगरसेवक त्याच्या दृष्टीने डायनासोरच्या शेजारी. पूर्वी गटार तुंबलं की निदान एका नावाने बोंब मारता यायची. त्या दिवाळीत नुसतीच मारायची. हे मी विनोदाने लिहायला बसलो होतो, पण त्या गल्लीतून रात्री गुडघे सांभाळत एकदा चालून बघा.

हे सगळं माझ्या मनात चाललं असताना काका अचानक गप्प झाले. माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं?"

मला! आमच्या घरात हा प्रश्न मला शेवटचा विचारला गेला तो पडद्यांच्या रंगाबाबत, आणि तेव्हाही पडदे आधीच आलेले होते. मी खाकरलो. बाही सावरली. नगरसेवकापासून सुरुवात करावी आणि पॉपकॉर्नवर शेवट करावा असं ठरवलं.

"माझं म्हणणं असं आहे—" मी म्हणालो, आणि वीज आली.

मोटर दणाणली. पण मी थांबलो नाही. एवढ्या वर्षांनी कोणी विचारलंय, थांबतो कशाला? मी ओरडून बोललो. मुदतीबद्दल बोललो, प्रशासकाबद्दल बोललो, खड्ड्यांबद्दल हातवारे करून बोललो. काका मान हलवत होते. हं, हं, बरोबर आहे. ती मान माझ्या ओळखीची होती. तासाभरापूर्वी मीच ती त्यांना दिली होती. तरीही मी बोलत राहिलो. त्या भरात दादा माझ्या कानाशी येऊन काहीतरी विचारून गेले. मला ऐकू आलं "…चालेल का?" मला वाटलं, हा माणूसही मुद्द्यावर आलाय, असलं शहर चालेल का, असा सवाल करतोय. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून गर्जलो, "तेच तर म्हणतोय मी मघापासून!"

दादांनी नाचणीवर भाजणी ओतली.

घरी डब्याचं झाकण उघडलं तेव्हा ही काही बोलली नाही. चिमूटभर पीठ घेतलं, बोटांवर चोळलं, उजेडात धरलं. मग फक्त "कोण होतं तिथे?" एवढंच विचारलं. टाकून द्यायला महागाई परवानगी देत नाही, म्हणून चकल्या झाल्या. काटा चांगला आला होता, वेढे चांगले होते. मुलाने एक उचलून सगळीकडून पाहिली. "बाबा, ही चकली नाही. हे चकलीचं चिन्ह आहे." मी गिरणीतली हकीकत घरात सांगायला नको होती.

पाडव्याला संध्याकाळी बेल वाजली. काका. "तुमची मतं मला फार आवडली," म्हणत आत आले. कोणती मतं, ते त्यांनीही सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. हिने यावेळी शंकरपाळ्यांकडे हात नेलाच नाही. सरळ चकल्यांची बशी पुढे ठेवली आणि समोर बसली. काकांनी चकली उचलली, रंग न्याहाळला, अर्धी खाल्ली. थोडा वेळ चावत राहिले. मग उरलेली अर्धी हळूच बशीत ठेवली, हात झटकले आणि चपला शोधायला उठले.

"मध्यंतर," म्हणाले.